राखलेला पांढरा

रविवारी सकाळी सातला हुतात्मा चौकात रहदारी नावालाच असते. फुटपाथवर घडीचं स्टूल टाकून मी फ्लोरा फाउंटनसमोर बसले. मांडीवर बोर्ड, त्यावर चारी कडांना टेप लावलेला 300 जीएसएमचा कागद.

पेन्सिलीचं काम मोजकंच केलं. माथ्यावर फुलांची रोमन देवता फ्लोरा, खाली शिंपले, कोपऱ्यांवर मूर्ती. इथे एकेक चुणी रेखाटत बसलं की चित्र अडकतं. म्हणून डोळे किलकिले करून फक्त उजेड-सावलीचे आकार मांडून घेतले.

जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो लावायचा नसतो, राखायचा असतो, असं आमचे सर बजावायचे. त्यामुळे मी आधी कारंज्याला हातच लावला नाही, त्याच्या मागचं रंगवलं. झाडांचा गडद हिरवा, इमारतींचा तपकिरी-करडा. कडेकडेनं वॉश खाली उतरवत आणला, तसा फ्लोराचा खांदा आपोआप उठून आला. मग अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून सावल्या: वस्त्राच्या चुण्यांत निळसर, खालून ऊन परततं तिथे किंचित पिवळसर.

दगडाचा मूळ रंगही तसाच, सायीसारखा. नॉर्मन शॉच्या आराखड्यावरून जेम्स फोर्साइथनं हे कारंजं इंग्लंडच्या पोर्टलंड दगडात घडवलं. 1864 साली ते इथे उभं राहिलं. पुढे त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे थर चढत गेले आणि कोरीवकामाच्या कडा बुजल्या. जीर्णोद्धारात ते खरवडून काढले आणि 2019 मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. दगड पांढरा दिसावा म्हणून त्याला पांढरं फासायची गरजच नव्हती.

मागे चहावाला केव्हाचा उभा होता. म्हणाला, "मॅडम, पाणी काढायचं राहिलं."

खरंच होतं. धारेसाठी कोरी पट्टी सोडली होती, पण ती शेजारच्या उजळ दगडात हरवून गेली होती. डब्यात पांढऱ्या रंगाची एक ट्यूब असते. हात तिच्याकडे गेलाही. मग ब्रश पुन्हा निळ्यात बुडवला आणि शिंपल्याखालची सावली एक पट्टी गडद केली. धारेला स्पर्शही केला नाही.

"हां, आता पडतंय," चहावाला म्हणाला आणि किटली उचलून पुढे गेला.