खोगीर तेच, कारागीर वेगळा का?
अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी ज्या खोगिरावर दिवस काढतो, ते हाताने घडविणे ही नवशिक्याची मोठी परीक्षाच. कच्च्या कातड्याने मढविलेला लाकडी सांगाडा घोड्याच्या पाठीवर नीट बसला नाही, तर सारी मेहनत वाया जाते आणि मुक्या जनावराला जखमा होतात. म्हणून पहिला सांगाडा जाणकाराकडून तयार घ्यावा. सालीने कमावलेले कातडे भिजवून, ताणून बसवावे. आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवावे. वायोमिंगचे खोगीरकार डॉन किंग यांना १९९१ साली अमेरिकी सरकारने नॅशनल हेरिटेज फेलोशिप देऊन गौरविले. आपल्याकडे मात्र हीच आरी चालविणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. मग विटाळ कातड्यात होता, की बघणाऱ्याच्या डोक्यात?