शेतमालमत्ता व पशुधनाचा अपुरा विमा : मावळ तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलेले 'निसर्ग' चक्रीवादळ घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात आले. मावळ तालुक्यातील अनेक हरितगृहांची (पॉलिहाऊस) त्यात हानी झाली. इंद्रायणी भात, गुलाबशेती, कुक्कुटपालन व दुग्धव्यवसाय या आधारांवर उभ्या असलेल्या या तालुक्यात शेतकऱ्याचे भांडवल केवळ पिकात नसून बांधकामात व जनावरांतही गुंतलेले आहे. पीकविमा अधिसूचित पिकांपुरता असतो. गोठा, शेड वा हरितगृहाचा सांगाडा त्यात येत नाही. त्यांचा विमा स्वतंत्रपणे, आणि पुरेशा रकमेचा, घ्यावा लागतो.

अपुऱ्या विम्याचा अर्थ :
मालमत्तेच्या प्रत्यक्ष मूल्यापेक्षा विमा रक्कम कमी असणे म्हणजे अपुरा विमा होय. हप्ता वाचविण्यासाठी अथवा जुनीच रक्कम दरवर्षी कायम ठेवल्याने ही स्थिती उद्भवते. अशा वेळी 'सरासरी'चा नियम लागू होतो. उदाहरणार्थ, १० लाख रुपये मूल्याच्या शेडचा विमा ६ लाखांचा असून वादळात ४ लाखांची हानी झाली, तर भरपाई ४ लाख नव्हे, तर ६/१० या प्रमाणात २ लाख ४० हजार रुपये मिळते. हानी विमा रकमेपेक्षा कमी असूनही उर्वरित भार विमाधारकावरच पडतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते. वरील उदाहरणात ती ४० टक्के असल्याने ही सवलत उपयोगी पडत नाही.

मूल्यनिश्चिती :
लोणावळा परिसरात जमिनीचे भाव वाढले असले, तरी जमीन जळत वा कोसळत नाही. म्हणून विमा रक्कम ठरविताना जमिनीची किंमत वगळून पुनर्बांधणीचा आजचा खर्च धरावा. लोखंड, पत्रे व मजुरी यांचे दर दरवर्षी पाहावेत. पॉलिसी पुनर्बांधणी खर्च देते की घसारा वजा करून बाजारमूल्य देते, तसेच हरितगृहाचा प्लॅस्टिक कागद तिच्यात समाविष्ट आहे की नाही, हे आधीच तपासावे. शेतघर पर्यटकांना भाड्याने दिले जात असल्यास तो वापर विमा कंपनीस कळविणे आवश्यक आहे.

पशुधन :
जनावराच्या मृत्यूनंतर सामान्यतः विमा रक्कम व मृत्यूसमयीचे बाजारमूल्य यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. म्हणून जादा रकमेचा विमाही निरर्थक ठरतो. वय, जात व दूध उत्पादन यांनुसार पशुवैद्यकाकडून दरवर्षी मूल्यांकन करून घ्यावे. कानातील बिल्ला हाच ओळखीचा पुरावा असल्याने तो हरविल्यास नवा बिल्ला बसवून कंपनीस त्वरित कळवावे. लसीकरणाची नोंदही जपावी. २०२२ मधील लम्पी साथीत राज्य शासनाने दुधाळ गाईसाठी ३० हजार रुपये साहाय्य दिले. चांगल्या संकरित गाईची किंमत त्याहून बरीच अधिक असते. शासकीय साहाय्य हा दिलासा असतो, विम्याचा पर्याय नव्हे. राष्ट्रीय पशुधन अभियानांतर्गत २०२४ मध्ये पशुपालकाचा हप्त्यातील वाटा १५ टक्के करण्यात आला. त्यामुळे हप्ता वाचविण्यासाठी मूल्य कमी दाखविण्याचे कारणही क्षीण झाले आहे.

समारोप :
अपुरा विमा ही दुर्घटनेनंतरच लक्षात येणारी उणीव आहे. ती दूर करण्याची वेळ मात्र नूतनीकरणापूर्वीची असते. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र यादी, देयके, छायाचित्रे व वार्षिक मूल्यांकन ही साधने खर्चिक नाहीत. ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी गावपातळीवर अशा मालमत्ता-नोंदवह्या तयार करण्यास साहाय्य केल्यास, वर्गात शिकविले जाणारे विम्याचे तत्त्व विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गोठ्यापर्यंत पोहोचेल.