सुराखालचे अक्षर

सारे आयुष्य कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाने संगीतलेखनावर बोलावे, ह्याचे श्रोत्यांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल, आणि ते रास्तही आहे. आम्ही कोणत्याही संगीत विद्यालयाची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या गेटवरील सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु मोर्चातली गाणी म्हणतच आम्ही वाढलो, आणि तीच गाणी आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली, तेव्हा ती कागदावर कशी उतरवावी हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. संगणकाच्या साह्याने त्याचे जे उत्तर आम्हांस सापडले, तेच आज सांगावयाचे आहे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतील संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. चाळीच्या पटांगणात रात्री गाणी होत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. त्यांची परंपरा आमच्या चाळीपर्यंत पोचली होती. पुढे युनियनच्या कामाला लागल्यावर त्या गाण्यांची एक जुनी वही आमच्या हाती आली. तीत शब्द सगळे होते. चालीच्या जागी मात्र 'चाल : अमक्या गाण्याप्रमाणे' एवढीच ओळ, आणि ते अमके गाणे आज कोणालाच येत नव्हते! शब्द उरले होते, गाणे गेले होते.

त्या चाली ठाऊक असलेले एक गृहस्थ सुदैवाने हयात होते. जन्मभर मागावर काम केलेले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. वय ऐंशीच्या पुढे, पण गळा शाबूत. प्रथम आम्ही त्यांची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. हे प्रत्येकाने अवश्य करावे, कारण आवाजातील ठसका आणि हेल कोणत्याही लिपीत पुरतेपणी येत नाहीत. परंतु वीस जणांचे पथक बसवायचे, पेटीवाल्याला साथ सांगायची, तर कागद हाताशी हवा.

आपल्याकडे असा कागद नवा नाही. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वरलेखनाच्या पद्धती रूढ केल्या. भातखंडे ह्यांच्या पद्धतीत वर स्वर आणि खाली गीताचे अक्षर असते. स्वर लांबला की आडवी रेघ, आणि अक्षर लांबले की 'ऽ' हे अवग्रहाचे चिन्ह. पाश्चात्त्य पद्धतीत पाच ओळींवर टिंबे मांडतात. टिंब जितके वर तितका सूर उंच, आणि तो किती वेळ टिकवायचा हे टिंबाच्या आकारावरून कळते. गोव्यातील ख्रिस्ती वादक हे लेखन चर्चच्या शाळांतून शिकले, आणि त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत त्यांनी मोठे काम केले.

संगणकावरील स्वरलेखनाच्या बहुतेक प्रणाली ह्या पाच ओळींसाठीच बनलेल्या आहेत. त्यांपैकी 'म्यूझस्कोर' ही आम्ही निवडली. वेर्नर श्वेअर ह्या संगणकतज्ज्ञाने २००२ साली तिचे काम सुरू केले. ती विनामूल्य मिळते आणि तिची अंतर्गत रचना कोणालाही पाहता येते, बदलताही येते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला आणखी काय हवे?

शब्द घालण्याची रीत साधी आहे. आधी सूर मांडावेत. मग पहिल्या सुरावर टिचकी मारून कंट्रोल आणि एल ह्या कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे सुराखाली लिहिण्याची जागा उघडते. तेथे अक्षर लिहावे. शब्द तेथेच संपला असेल तर स्पेसची कळ दाबावी. आपण पुढच्या सुराखाली जातो. शब्द संपला नसेल तर हायफन दाबावे. दोन अक्षरांमध्ये लहानशी रेघ उमटते आणि शब्द अजून चालू आहे हे गाणाऱ्यास कळते. शब्दातले मधले अक्षर अनेक सुरांवर खेळवायचे तर हायफनच पुन्हा पुन्हा दाबावे. शेवटचे अक्षर खेळवायचे तर अंडरस्कोअर दाबावा. अक्षरापुढे लांब रेघ ओढली जाते. जुन्या पुस्तकांतील अवग्रहाचे काम ती रेघ करते.

कळा कोणत्या दाबाव्यात हे एका संध्याकाळी शिकता येते. शब्द कोठे तोडावा हे शिकण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले, कारण ते यंत्र सांगत नाही. पहिल्याच गाण्यात 'कामगार' हा शब्द होता. बोलताना आपण त्याचे दोनच तुकडे करतो, 'काम' आणि 'गार'. आम्हीही दोन सुरांखाली ते दोन तुकडे लिहिले आणि साऱ्या ओळी त्याच हिशेबाने भरल्या. ओळीच्या अखेरीस पाहतो तो शब्द संपलेले आणि सूर उरलेले! मग शेवटच्या अक्षरापुढे लांब रेघ ओढून आम्ही वेळ मारून नेली. पेटी शिकविणाऱ्या एका बाईंनी तो कागद जसाच्या तसा गाऊन दाखविला. काका खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सूर बरोबर हायेत, लेका. पण बोल पुढं पळाले अन् सूर मागं राहिले." आणि गुडघ्यावर हात आपटून त्यांनी मोजून दाखविले : का, म, गा, र. चार ठोके, चार सूर.

बोलण्यात आपण गिळून टाकलेला 'अ' गाण्यात असा पुन्हा जागा होतो. म्हणून मराठी गाणे लिहिताना बोलण्यातले तुकडे धरू नयेत. लिहिलेले एकेक अक्षर धरावे, आणि मग गाणाऱ्याकडून तपासून घ्यावे. पोवाड्याच्या द्रुत लयीत 'काम' एकाच सुरावर येऊ शकते. तेथे गाणारा म्हणेल ते प्रमाण. जोडाक्षर मात्र कधीही फोडू नये. 'हक्क' ह्याचे 'ह' आणि 'क्क' असेच भाग करावेत. 'हक्' असे लिहून त्यावर लांब सूर दिला, तर गाणाऱ्याने लांबवायचे तरी काय? सूर स्वरावर टिकतो, व्यंजनावर टिकत नाही. आणि टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या निराळ्या फाँटमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गेला की त्याची अक्षरे ओळखू येत नाहीत.

पाच ओळी वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही एक सोय केली. अक्षर लिहिताना एन्टर दाबले की त्याच सुराखाली दुसरी ओळ सुरू होते. पहिल्या ओळीत आम्ही सा, रे, ग, म लिहिले आणि दुसऱ्या ओळीत गाण्याचे शब्द. आता बँडवाला टिंबे वाचतो, पेटीवाला सरगम वाचतो आणि पथकातील पोरे शब्द वाचतात; कागद एकच. काका काळी एकमध्ये गात, बायकांना ती पट्टी सोसत नाही. संगणक एका आज्ञेने सारे सूर वर चढवितो आणि शब्द आपापल्या सुराला चिकटून राहतात. सरगमही बदलावी लागत नाही, कारण आपला सा गाणाऱ्याबरोबरच सरकतो.

कागदाच्या माथ्यावर कवीचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव लिहिण्यास जागा असते. ती रिकामी सोडू नये. 'इंटरनॅशनल' ह्या जगभर गायिल्या गेलेल्या कामगारगीताचे शब्द यूजेन पोतिए ह्यांनी १८७१ साली लिहिले. फ्रान्समधील लील शहरी पिएर द गेटर ह्या कामगाराने १८८८ साली त्याला चाल लावली. नोकरीवर गदा येऊ नये म्हणून छापील प्रतीवर केवळ आडनाव घातले गेले. पुढे त्यांचा सख्खा भाऊ आदोल्फ ह्याने चालीवर हक्क सांगितला. १९१४ साली न्यायालयाने भावाच्या बाजूने निकाल दिला, आणि पिएर ह्यांना न्याय मिळेपर्यंत १९२२ साल उजाडले. एक पूर्ण नाव छापले असते तर एवढे रामायण घडते ना.

दुसरी गोष्ट मालकीची. १९८८ पासून चालत आलेल्या 'फिनाले' ह्या नामांकित प्रणालीचा विकास थांबविल्याचे तिच्या कंपनीने २०२४ च्या ऑगस्टात जाहीर केले. ज्यांची आयुष्यभराची लेखने तीत होती, त्यांना ती दुसरीकडे हलविण्याची चिंता पडली. गिरणीला टाळे लागताना पाहिलेल्या आम्हांस ह्यात नवे काही वाटले नाही. म्हणून प्रत्येक गाण्याची एक प्रत 'म्यूझिक एक्सएमएल' ह्या खुल्या स्वरूपात आम्ही काढून ठेवतो. तीत प्रत्येक सुराखालच्या अक्षराबरोबर ते शब्दाचा आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे की आख्खा शब्दच आहे, एवढी नोंद असते. त्यामुळे निरनिराळ्या प्रणालींना ते गाणे उघडता येते. शिवाय एक प्रत साध्या कागदावर छापून युनियनच्या कपाटात ठेवतो; ती वाचण्यास विजेचीही गरज नाही.

वहीत चोवीस गाणी होती. त्यांतील सतरा कागदावर आली. काका गेल्या पावसाळ्यात गेले. उरलेल्या सातांचे शब्द आमच्याजवळ आहेत, आणि त्यांच्यापुढे पाच पाच ओळी आखून रिकाम्या ठेवल्या आहेत. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी गिरणीत राबलेले आजोबा वा आजी असतील, तर त्यांना ती गाणी एकदा वाचून दाखवावीत. एखादी चाल कोणाच्या तरी ओठांवर अजून असेल. आणि गाणे मोर्चाचेच पाहिजे असे मुळीच नाही. जात्यावरची ओवी असो, पाळणा असो, भूपाळी असो. ज्यांच्या गळ्यात ती आहे त्यांच्याजवळ ह्याच आठवड्यात जाऊन बसावे. यंत्र आपल्यासाठी थांबते, माणसे थांबत नाहीत.