नरक्याचं औषध आणि दुर्लक्षित राहिलेलं जनुक

पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या रानात कुजकट वास आला, तर मेलेलं जनावर शोधत बसू नका. जवळपास नरक्या फुललेला असेल. पिवळट बारीक फुलांचे गुच्छ, मोठाली पानं, मुद्दाम थांबून बघावं असं काही नाही. भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेच्या खोऱ्यातही हे झाड आहे. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी करणारा पोस्टखात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहॅम 1839 मध्ये खंडाळ्यात वारला. त्याचा मित्र निम्मो यानं ती यादी पुरी केली. झाडाच्या नावात आहे तो हाच निम्मो.

नरक्याच्या लाकडात, सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर चालणारं द्रव्य असतं. हे द्रव्य प्रथम सापडलं ते मात्र एका चिनी झाडात, 1966 साली अमेरिकेत. शोधणारे दोघे: मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी. पुढे याच जोडीनं टॅक्सॉल हे कर्करोगाचं दुसरं औषधही शोधलं. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं आणि मग सह्याद्रीतल्या या झाडावर कुऱ्हाड पडली. सगळ्याच भागांत द्रव्य, म्हणून झाड मुळासकट जायचं. चोरट्या तोडीच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. (झाडात कर्करोगाचं औषध आहे म्हणून कुणी सालीचा काढा उकळू नये. शुद्ध केलेल्या द्रव्याच्याही सुरुवातीच्या चाचण्या मूत्राशयाला होणाऱ्या इजेमुळे थांबवाव्या लागल्या होत्या.)

औषध नेमकं कुठे लागू पडतं, ते 1985 मध्ये कळलं. पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल होते. दोन पेडांचा दोर मधूनच उलगडायला गेलं की पुढच्या भागात पीळ घट्ट होतो, तसंच इथे होतं. हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-1 नावाचं विकर एक पेड कापतं, पीळ सुटला की पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं आणि जोडणी अडवतं. मागून येणारी नक्कल करणारी यंत्रणा तिथे आदळते. मूळ द्रव्यात फेरफार करून बनवलेली टोपोटेकन आणि आयरिनोटेकन ही औषधं 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. आज ती अंडाशयाच्या, फुफ्फुसाच्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दिली जातात.

पण एकाच्या गाठीला औषध लागू पडतं, दुसऱ्याच्या पडत नाही. औषधाचं लक्ष्य असलेलं विकर तर दोघांत आहे. मग?

उत्तर आलं 2012 मध्ये, कुणी फारसं विचारात न घेतलेल्या जनुकाकडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत इव्ह पॉमिए यांच्या गटानं प्रयोगशाळेत वाढवलेल्या 60 कर्कपेशी-वाणांवरचा औषधांचा परिणाम हजारो जनुकांच्या नोंदींशी ताडून पाहिला. या जातीच्या औषधांशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते श्लाफन-11 या जनुकाचं. त्याच वर्षी शेकडो पेशी-वाणांवर काम करणाऱ्या दुसऱ्या मोठ्या गटालाही तेच दिसलं. हेच जनुक एचआयव्हीला अडसर घालतं, हेही 2012 मध्येच छापून आलं. इतकी वर्षं हे 17व्या गुणसूत्रावर पडून होतं, कुणी विचारलं नाही.

नक्कल अडली की श्लाफन-11चं प्रथिन तिथे पोहोचतं आणि काम कायमचं बंद पाडतं, पेशी मरते. ते नसलं, तर पेशी वेग कमी करते, मोडतोड दुरुस्त करते आणि औषध पचवून पुन्हा वाढू लागते. प्रयोगशाळेतल्या साधारण निम्म्या कर्कपेशी-वाणांत हे जनुक मुकं असतं. बहुतेकदा ते बिघडलेलं नसतं. मिथिल गटांची मोहर लावून बंद केलेलं असतं. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बंद केलेलं उघडता येतं. अशी मोहर लावणाऱ्या ईझेडएच2 या विकराला रोखल्यावर फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात ते पुन्हा बोलू लागल्याचं 2017 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे हे जनुक औषध लागू पडेल का हे सांगणारी नुसती खूण नाही, उपचाराची जागाही ठरू शकतं.

आयरिनोटेकन कुणाला जास्त बाधेल, हे सांगणारी यूजीटी1ए1 जनुकाची तपासणी 2005 पासून औषधाच्या माहितीपत्रकात आहे. त्रास कुणाला होईल ते आधी विचारलं, गुण कुणाला येईल ते नंतर. हा क्रम मला उलटा वाटतो. श्लाफन-11ची तपासणी मात्र अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात टेमोझोलोमाइड या डीएनएला इजा करणाऱ्या दुसऱ्या औषधासोबत व्हेलिपारिब दिलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत श्लाफन-11 असलेल्या गाठींचे रुग्ण जास्त काळ जगले, पण रुग्णसंख्या लहान होती. हे प्रथिन रंगवून पाहताना गाठीतल्या किती पेशी रंगल्या म्हणजे जनुक चालू धरायचं, हे ठरलेलं नाही. शिवाय केमोनंतर तीच गाठ जनुक बंद करू शकते, म्हणून निदानाच्या वेळी काढलेला तुकडा पुढे उपयोगी पडेलच असं नाही. आणि फुफ्फुसातून पुन्हापुन्हा तुकडा काढणं रुग्णाला सोसत नाही. त्यावर उपाय म्हणून आता रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींमध्येच हे प्रथिन पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत.