सुंठ-गुळाची गोळी आणि इराणची चाचणी

पाळीत पोटात कळा आल्या की आजी सुंठ-गुळाची गोळी हातावर ठेवायची. मला वाटायचं, गूळ खायचं निमित्त! पण २००९ साली इराणमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. १५० विद्यार्थिनींचे तीन गट: एकाला सुंठीची २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून चारदा, तीन दिवस; बाकीच्यांना मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं. आराम जवळपास सारखाच! गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्स सुंठ कमी करते, असं मानतात.

हुरळू नका मात्र. त्या चाचणीत प्लासिबो (औषध नसलेल्या गोळीचा) गट नव्हता, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६च्या कॉक्रेन आढाव्याला सुंठीचा पुरावा तोकडाच वाटला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

मी पहिल्या दिवशी सुंठीचा काढा घेते. गूळ जरा जास्तच घालून.