परवाना आहे, पात्रता कोठे?

वऱ्हाडातील शेतकरी पेरणीच्या तोंडाशी सावकाराकडून पैसा उचलतो, तेव्हा पुष्कळदा गहाणखत होत नाही. होते ते खरेदीखत. कर्ज त्यात दिसतच नाही, दिसते ती विकलेली जमीन. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने ही वाट अडविली आहे. परवान्याविना सावकारी करणारास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सावकारीच्या ओघात गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असल्यास, परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. कायदा कडक आहे, यात संशय नाही. परंतु ऋणकोस दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, हे समजावून देण्याइतके ज्ञान परवानाधारकास आहे काय, हे कोणी पाहत नाही. बँकांच्या वसुली प्रतिनिधींना मात्र रिझर्व्ह बँकेने 2008 सालीच प्रशिक्षण आवश्यक ठरविले. त्याच वर्षी अमेरिकेने घराच्या तारणावर कर्ज जुळविणारांस वीस तासांचे शिक्षण व परीक्षा लावली. वसूल करणारास शिक्षण हवे आणि देणारास नको, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही. सहकार खात्याने अकोला-अमरावतीपासूनच आरंभ करावा व परवान्यापूर्वी सावकाराची परीक्षा घ्यावी. पहिला प्रश्न खरेदीखत आणि गहाणखत यांतील भेदाचा असावा.