मनाचे दुखणे : खाजगी मानसोपचारात काय अपेक्षा ठेवावी?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही नेहमी लागण, खत, पाणी व खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. गटोगट फिरताना ऊस पाहून झाला की बांधावर बोलणे निघते. झोप लागत नाही, कर्जाचा आकडा आठवला की छाती धडधडते, घरातले माणूस गेल्यापासून कशात लक्ष नाही, अशी दुखणी कानावर येतात. तालुक्याचे डॉक्टर तपासून 'मानसोपचार घ्या' म्हणतात, पण चिठ्ठी खिशातच राहते. तिथे नेमके काय करतात हे माहीत नसते, आणि लोक काय म्हणतील हे मात्र आधीच माहीत असते! म्हणून ही माहिती देत आहोत.

कोणाकडे जावे : मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर या विषयाचे पुढील शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच नको. बियाणे घेताना आपण जात विचारतोच ना? फी किती, भेट किती वेळाची, ऐनवेळी जाता आले नाही तर पैसे लागतात का, हेही फोनवरच विचारून घ्यावे.

पहिली भेट : ही साधारण पाऊण ते एक तासाची असते. सुई नाही, यंत्र नाही. समोरासमोर बसून त्रास कधीपासून आहे, झोप, भूक, व्यसन, घरची माणसे, पूर्वीची दुखणी व चालू औषधे यांची विचारपूस होते. सगळे एकदम सांगितलेच पाहिजे असे नाही. काही जणांना रडू येते, त्यात कमीपणा नाही. मात्र या भेटीतच तोडगा मिळेल असे समजू नये. माती परीक्षणाला नमुना दिला त्याच दिवशी पीक हिरवे होत नाही. 'नुसतेच बोलले आणि पैसे घेतले' म्हणून पुष्कळ जण इथेच सोडून देतात, आणि फसगत होते ती इथेच.

पुढच्या भेटी : चिंता व उदासी यांवर बहुधा आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते २० भेटी लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. पद्धती अनेक आहेत. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. तिचे सूत्र सोपे आहे. तोड लांबली, वजन घटले, हे नुकसान खरे. पण 'म्हणजे मी नालायक, आता सगळे संपले' हा विचार आपण त्याला जोडलेला असतो. तो तपासायला व बदलायला शिकवतात. घरी करायचा अभ्यासही देतात. तो न करता नुसत्या खेपा घातल्या तर गुण उशिरा येतो. चार-सहा भेटींनंतरही सूत जुळत नसेल तर तसे स्पष्ट बोलावे, दुसरे तज्ज्ञ पाहावेत. औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नये.

गुप्तता : बोललेले गावात फुटणार नाही का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असणे, कोर्टाचा आदेश असणे असे थोडेच अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.

मानसोपचाराने कर्ज फिटत नाही की उसाचा भाव वाढत नाही. पण बँकेत जाऊन बोलण्याचे, हिशोब मांडण्याचे, रात्री झोपण्याचे बळ परत येते. घर चालायला तेवढे फार लागते.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. घरातील कोणी 'जीव नकोसा झाला' असे बोलू लागले तर ते थट्टेवारी नेऊ नये आणि ठरलेल्या भेटीची वाटही पाहू नये. त्या माणसाला एकटे सोडू नका, तणनाशके व कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, माणूस नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी